लिटरमागे 12.9 ग्रॅम आम्ल : झारकाठच्या एका ड्राय रीसलिंगचं प्रकरण

23 ऑक्टोबर 2021, शनिवार. दुपारचे चार वाजत आले होते. द्राक्षं पिळायच्या प्रेसखालच्या टाकीतला रस मी तिसऱ्यांदा तपासला आणि ब्युरेटवरचा, म्हणजे आम्ल मोजायच्या काचेच्या नळीवरचा, आकडा तिसऱ्यांदा तोच आला. लिटरमागे 12.9 ग्रॅम आम्ल, पीएच 2.95, साखर 80 ऑक्सले. ऑक्सले म्हणजे लिटरभर रस लिटरभर पाण्यापेक्षा किती ग्रॅम जड भरतो त्याचं माप. आपल्या नेहमीच्या हिशेबात हे 19.3 ब्रिक्सच्या आसपास येतं. साखर ठीक होती. आम्लाचं काय करायचं, हा प्रश्न होता.

कारण रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षजातीचा हा रस ड्राय, म्हणजे गोडी नसलेल्या, वाइनसाठी काढला होता. गोड वाइन करायची असती तर एवढ्या आम्लाचं स्वागतच झालं असतं. फर्मेंटेशन मध्येच थांबवायचं, साखर शिल्लक ठेवायची, की आंबटगोडाची जोडी आपसूक जमते. जर्मनीतल्या झार नदीच्या काठाचं नाव जगभर झालं ते अशाच वाइनमुळे. ड्राय वाइनमध्ये साखर जवळजवळ उरत नाही, आणि मग आम्लाला आडोसा राहत नाही. ते थेट दातांवर येतं.

मी दिंडोरी तालुक्यातली. घरची द्राक्षबाग आहे. त्यातली दोन एकर शेनिन ब्लाँ, ही पांढऱ्या वाइनची जात, तिचा माल वायनरीला जातो. 2021च्या हंगामात मी जर्मनीत एका छोट्या वायनरीच्या तळघरात सहायक म्हणून काम करत होते. त्या रात्री फोनवर आण्णांना आकडा सांगितला. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, “अगं, इथं वायनरीवाले टार्टारिक आम्लाच्या गोण्या आणून रसात ओततात. अन् तुम्ही आहे ते काढायच्या गोष्टी करता?”

आण्णांचा प्रश्न बरोबर होता. हे सगळं प्रकरण त्या प्रश्नाभोवतीच फिरलं.

बाग आणि ते वर्ष

झार ही मोझेल नदीची उपनदी. ट्रिअर शहराच्या थोडं वरच्या अंगाला, कोन्त्स गावाशी ती मोझेलला मिळते. मोझेलचं खोरं चिंचोळं आणि वळणावळणाचं आहे, त्यामुळे उतारांना आडोसा मिळतो. झारचं खोरं मोकळं आहे आणि पूर्वेचा गार वारा सरळ आत शिरतो. नाशिक 20 अंश अक्षांशावर, झारकाठचं झारबुर्ग साडेएकोणपन्नासच्या पुढे. इतक्या उत्तरेला द्राक्ष पिकतं ते उतारामुळे आणि दगडामुळे. उतार दक्षिणेकडे तोंड करून असतो, म्हणून तिरप्या उन्हाचा पुरेपूर फायदा मिळतो. जमीन म्हणजे शाळेतल्या पाटीचा दगड, सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या काळ्यानिळ्या चिपा दिवसभर तापतात आणि संध्याकाळी ऊब सोडतात. हा मुलूख पूर्वी ट्रिअरच्या आर्चबिशपांकडे होता. 1787 साली तिथल्या शेवटच्या आर्चबिशपांनी हलक्या जाती काढून चांगल्या वेली लावायचा हुकूम काढला, आणि रीसलिंगचा इथला जम त्यानंतर पक्का झाला.

आमच्या प्रकरणातला तुकडा अर्ध्या हेक्टरचा, म्हणजे सव्वा एकर. उताराच्या वरच्या टोकाला, जंगलाला लागून. वेली साडेतीन हजारांच्या घरात. मंडप नाही, वाय आकाराचा सांगाडा नाही, तारसुद्धा नाही. प्रत्येक वेलीला स्वतंत्र लाकडी खुंट, आणि छाटणीनंतर ठेवलेल्या दोन काड्या दोन बाजूंनी वाकवून पत्त्यातल्या बदामाच्या आकारात त्याच खुंटाला बांधलेल्या. ट्रॅक्टर इथे चढतच नाही. फवारणीपासून तोडणीपर्यंत सगळं माणसाच्या पायांवर.

2018, 2019 आणि 2020 ही तिन्ही वर्षं जर्मनीत उन्हाची गेली. आम्ल पडेल, या धास्तीनं लोक लवकर तोडणी करायला लागले होते. मग 2021 आलं. वसंत गार, फुलोरा उशिरा, जून-जुलैभर पाऊस. त्याच जुलैत उत्तरेकडच्या आर नदीच्या खोऱ्यात पुरानं हाहाकार माजवला. आमच्याकडे पूर नव्हता, पण केवडा होता. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की पानाच्या मागे जी पांढरी बुरशी येते, तीच. पानं वाचवता वाचवता घड गेले. तुकड्यातलं पीक एरवीच्या दोन तृतीयांशावर आलं.

सप्टेंबरच्या मध्यापासून हवा उघडली, पण गारठा राहिला. 27 सप्टेंबरला मी तुकड्यातून शंभर मणी आणून तपासले तेव्हा साखर 68 ऑक्सले होती आणि आम्ल 16.8. पंधरा दिवसांनी, 11 ऑक्टोबरला, 75 आणि 14.4. जंगलाकडच्या ओळींत कुज दिसायला लागली होती. गोड वाइनसाठी रीसलिंगवरची कुज कधीकधी हवीशी असते. ड्राय वाइनमध्ये मात्र ती नको, कारण ती कडवटपणा आणि मधासारखा जडपणा आणते आणि गोडीशिवाय तो उघडा पडतो. म्हणून दोनदा नुसती कुजलेली टोकं कापायला माणसं घातली. 23 तारखेला तोडलं ते हवामानाचा अंदाज पाहून. पुढच्या आठवड्यात पाऊस होता.

आणखी थांबता आलं असतं का? मला आजही वाटतं, फार मिळालं नसतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन. टार्टारिक मण्यात जवळपास तसंच राहतं. मॅलिक, म्हणजे कच्च्या सफरचंदातलं आम्ल, मणी स्वतःच्या श्वसनात जाळतो, आणि ते जळणं उबेवर अवलंबून असतं. दिंडोरीत फेब्रुवारीत दुपारी पारा तिशीपार जातो, मॅलिक भराभर जळतं आणि मागे उरलेलं आम्ल वाइनला पुरत नाही. म्हणून टार्टारिकच्या गोण्या. झारकाठी ऑक्टोबरच्या शेवटी रात्री तीन-चार अंश. मॅलिक हलतच नाही. आमच्या रसात टार्टारिक 6.8 ग्रॅम होतं आणि मॅलिक 7.2. नुसता 12.9 हा आकडा पाहून निर्णय घेतला असता तर आम्ही फसलो असतो. हे दोन आकडे वेगळे काढले, म्हणून पुढचा वाद मुद्द्यावर झाला.

प्रेसपाशी

साडेतीन टन माल घडासकट प्रेसमध्ये गेला. हळूहळू, तीन तासांत. मी दर वीस मिनिटांनी नळाखाली ग्लास धरत होते. पहिला रस 13.6 ग्रॅम आम्लाचा, पीएच 2.88. दाब वाढत गेला तसं आम्ल उतरत गेलं, शेवटच्या रसात ते 11.2 होतं आणि पीएच 3.15. याचं कारण सालीलगतच्या गरात पोटॅशियम जास्त असतं. दाबानं ते रसात उतरतं आणि आम्लाचा काही भाग शांत करतं.

इथे एक मोह होता. आणखी दाबा, आम्ल आपोआप खाली येईल. केलरमाइस्टरनी, म्हणजे तळघराच्या प्रमुखांनी, शेवटचा ग्लास माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “गिळू नकोस, जिभेवर फिरव.” सालीचा तुरटपणा हिरड्यांना लागला, कच्ची सुपारी चावल्यासारखा. आम्ल कमी करायला गेलो असतो आणि कडवटपणा पदरात घेतला असता. शेवटचे 150 लिटर वेगळे काढले. हाती राहिला 2,300 लिटर रस.

रात्रभर तो थंड ठेवून गाळ बसू दिला. आता तो घालायचा कशात आणि कसा, हे दुसऱ्या दिवशी ठरवायचं होतं.

वाद

वायनरीच्या मालकीणबाईंची बाजू आधी सांगते, कारण ती मला तेव्हा पटली नव्हती आणि आता पुष्कळशी पटते. गेली तीन वर्षं त्यांच्या गिऱ्हाइकांनी उन्हाच्या हंगामांची मऊ वाइन प्यायली होती. केवड्यानं पीक खाल्लेलं. जे आहे ते विकलं गेलंच पाहिजे. त्यांचं म्हणणं, आम्ल रसातच तीन ग्रॅमनं उतरवा आणि मोकळे व्हा. आम्लाच्या वर्षी तिथे हे सर्रास करतात, त्यात लपवाछपवी काही नाही. 2010 साली तर मोझेलवर हा उपाय घरोघरी झाला होता.

सगळ्यात सोपा उपाय पोटॅशियम बायकार्बोनेट. पुडी फोडा, ढवळा, झालं. पण ही पूड धरते ती फक्त टार्टारिकला. आमच्या 6.8मधलं तीन ग्रॅम गेलं की उरतं 3.8. पुढे अल्कोहोल वाढतं, हिवाळ्याचा गारठा येतो आणि टार्टारिकचा आणखी एक भाग पोटॅशियमशी बांधला जाऊन स्फटिक होऊन तळाला बसतो. ते होणारच, ते थांबवता येत नाही. म्हणजे वाइनमध्ये टार्टारिक नावापुरतं आणि मॅलिक सातच्या सात. कागदावर आम्ल कमी, तोंडात मात्र हिरव्या सफरचंदाचा चावा आणि मागे पाणी. या उपायाला केलरमाइस्टर आणि मी, दोघांनीही नाही म्हटलं.

मॅलिक काढायचा एक जैविक मार्ग आहे. जिवाणू सोडून मॅलिकचं लॅक्टिक करून घ्यायचं. शार्डोने या दुसऱ्या पांढऱ्या जातीत तो नेहमीचा. पण 2.95 पीएचला आणि नऊ-दहा अंशांच्या तळघरात ते जिवाणू उभे राहत नाहीत. राहिले तरी रीसलिंगचा फळाचा वास लोण्याच्या वासाखाली दबतो. त्यावर आम्ही दोन मिनिटंही घालवली नाहीत. साखर घालून अल्कोहोल वाढवायची मुभा त्या भागात आहे, एक टक्क्याला लिटरमागे 17 ते 19 ग्रॅम. पण त्यानं आम्लाला काही होत नाही, आणि साडेदहा टक्क्यांची वाइन आम्हाला चालणार होती.

केलरमाइस्टरचं मत होतं की काहीच काढू नये. तीस वर्षं तळघरात घालवलेला माणूस. त्यांचं एक वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे : “आज जे काढशील ते उद्या परत घालता येत नाही.” मालकीणबाई म्हणाल्या, वाक्यावर बँकेचा हप्ता फिटत नाही.

शेवटी तोडगा निघाला तो पिंपांमुळे. मोझेलचं जुनं पिंप म्हणजे फूडर, हजार लिटरचं. 2,300 लिटर रस म्हणजे दोन फूडर आणि वर तीनशे. पहिल्या फूडरमध्ये आम्ल उतरवायचं. दुसऱ्याला हात लावायचा नाही. उरलेले तीनशे लिटर स्टीलच्या टाकीत, तेही जसेच्या तसे, पण पाकिटातलं यीस्ट घालून शेवटपर्यंत आंबवायचे. त्या वेळी ही टाकी नुसती पिंपं भरून काढायला ठेवली होती. पुढे तिनंच आम्हाला वाट दाखवली.

पहिलं फूडर

आम्ल उतरवायची जी पद्धत आम्ही वापरली तिला तिथे दुहेरी मिठाची पद्धत म्हणतात. खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, साध्या रसात टाकली तर तीही आधी टार्टारिकलाच धरते. पण पीएच साडेचारच्या वर असेल तर टार्टारिक आणि मॅलिक दोन्ही एकत्र बांधले जाऊन एका मिठाच्या रूपानं खाली बसतात. सगळा रस तेवढ्या पीएचला नेला तर त्यात आम्ल उरणारच नाही. म्हणून रसाचा एक हिस्सा घ्यायचा, त्यातलं आम्ल जवळपास पूर्ण काढायचं आणि तो परत मूळ रसात मिसळायचा.

हिशेब असा. 12.9वरून 10.4ला आणायचं, म्हणजे अडीच ग्रॅम उतरवायचं. एक ग्रॅमला 0.67 ग्रॅम पूड लागते, तेव्हा हजार लिटरला पावणेदोन किलोला थोडी कमी. हिस्सा किती घ्यायचा? उतरवायचं आम्ल भागिले मूळ आम्लातून दोन वजा करून येणारा आकडा. अडीच भागिले 10.9. दर हजारी 230 लिटर.

मोठ्या टबमध्ये पूड घेतली, थोडा रस घालून तिची लापशी केली. मग नळीनं उरलेला रस धारेनं सोडायचा आणि ढवळत राहायचं, वीस-पंचवीस मिनिटं. पूड रसात टाकायची नाही, रस पुडीत सोडायचा. हा क्रम उलटा झाला तर पीएच वर चढत नाही आणि सगळं मुसळ केरात. फेस असा उसळला की दोनदा धार बंद करावी लागली. आणि रंग! हिरवट सोनेरी रस डोळ्यांदेखत तपकिरी होत गेला, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा. पीएच वर गेल्यावर हवा त्याला झपाट्यानं खाते. गाळणीतून निघालेला रस मी चाखला. मीठ घालायला विसरलेल्या भातासारखा होता, गोड होता पण त्याला कसली चवच नव्हती. गाळणीच्या पत्र्यांवर करडी रेती चिकटून बसली होती. तीन वर्षं त्या उतारावर काम केलेल्या माणसांच्या देखत ती पाण्याच्या धारेनं गटारात गेली. कुणी काही बोललं नाही.

मिसळल्यावर आम्ल 10.4 आलं, हिशेबाबरहुकूम. रंग काही दिवसांत निवळला, कारण फर्मेंटेशनमध्ये यीस्ट पुष्कळसा तपकिरीपणा आपल्याबरोबर तळाला नेतं. गाळून काढलेल्या रसात बागेतलं यीस्ट फारसं उरत नाही म्हणून या फूडरलाही पाकिटातलं यीस्ट घातलं. इथे स्पष्ट सांगायला हवं, की त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या फूडरमधली तुलना प्रयोगशाळेच्या अर्थानं चोख राहिली नाही. दोघांत फरक एकट्या आम्लाचा नव्हता. यीस्टही वेगळं होतं.

डिसेंबरच्या मध्याला पहिलं फूडर आंबून झालं. साखर 3.2 ग्रॅम. एप्रिलमध्ये आम्ल 8.6.

दुसरं फूडर

याला यीस्ट घातलंच नाही. पाच दिवस काही घडलं नाही, मग तोंडावरच्या काचेच्या बुचातून पहिला बुडबुडा आला. तळघर दहा अंशांवर. नाताळापर्यंत साखर 38 ग्रॅम, जानेवारीअखेर 21. फेब्रुवारीच्या शेवटी 14, आणि तिथे ते थांबलं.

तीन आठवडे 14. मी सकाळी तळघरात उतरले की घड्याळ घेऊन त्या बुचासमोर उभी राहायचे. चार मिनिटांना एक बुडबुडा, पुढे सहा मिनिटांना एक.

हे 14 का खुपत होते, ते कायद्यावरून कळेल. लेबलवर ट्रॉकन, म्हणजे ड्राय, लिहायचं तर साखर लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत हवी. पण त्याच नियमात पुढे एक सवलत आहे. साखर आम्लापेक्षा दोन ग्रॅमहून जास्त नसेल तर 9 ग्रॅमपर्यंत चालते. हा नियम मला फार शहाणा वाटतो. तो करणाऱ्यांनी आकड्याबरोबर जिभेचाही विचार केला. पाच ग्रॅम आम्लाच्या वाइनमध्ये आठ ग्रॅम साखर गोड लागते, दहा ग्रॅम आम्लाच्या वाइनमध्ये तीच आठ ग्रॅम साखर कळतसुद्धा नाही, नुसता अंगात भरीवपणा येतो. नऊच्या वर गेलं की मात्र वाइन अर्धवट ड्रायच्या रकान्यात जाते. मालकीणबाईंना त्या तुकड्याची ड्राय वाइन हवी होती, आणि गिऱ्हाइकांना त्यांनी तसा शब्द दिला होता.

शिवाय शेवटची साखर जास्त गोड असते. यीस्ट आधी ग्लुकोज खातं आणि फ्रुक्टोज मागे ठेवतं. फ्रुक्टोज ग्लुकोजच्या जवळपास दुप्पट गोड. म्हणून अडकलेल्या वाइनमधले 14 जिभेला 14पेक्षा जास्त वाटतात.

मालकीणबाई म्हणाल्या, ताजं यीस्ट वाढवून घाला. केलरमाइस्टर म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत थांबा, तळघर तापलं की आपोआप चालेल. या वेळी मधला मार्ग मी सुचवला. यीस्ट मेलेलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली दर दहातल्या सहा-सात पेशी जिवंत दिसत होत्या. त्या गारठल्या होत्या आणि तळाच्या गाळात दबून बसल्या होत्या. पिंपाच्या तोंडातून गरम पाण्याची स्टीलची पट्टी आत सोडली आणि दिवसाला एक अंश या बेतानं वाइन 9वरून 14 अंशांवर आणली. घाईनं तापवली तर उरलेलं यीस्टही बावचळतं. रोज सकाळी लांब दांड्यानं तळाचा गाळ उचलून ढवळायचं, पन्नास वळसे. दांडा तळाला टेकला की जाड साय ढवळल्यासारखं हाताला जाणवायचं, आणि पिंपाच्या तोंडातून ताज्या पावाच्या पिठाचा वास यायचा. सातव्या दिवशी बुचातून मिनिटाला दोन बुडबुडे. मी धावत वर जाऊन सांगितलं.

धोकाही होता. उबेला आणलेली, गंधक (वाइन टिकावी म्हणून घालतात तो सल्फर डायऑक्साइड) न घातलेली वाइन म्हणजे व्हिनेगरच्या जिवाणूंना आमंत्रण. इथे कमी पीएचनं आम्हाला तारलं. दर आठवड्याला उडणारं आम्ल, म्हणजे व्हिनेगरचं आम्ल, मोजलं, ते 0.35 ग्रॅमच्या वर गेलं नाही. ज्या आम्लाच्या नावानं ऑक्टोबरात बोटं मोडली, तेच मार्चमध्ये पहारा करत होतं. पुढे गंधकाच्या बाबतीतही तेच. 3.0 पीएचला 13 मिलिग्रॅम मोकळं गंधक जे काम करतं, त्याला 3.5 पीएचला 40 लागतात. नाशिकच्या वाइनमेकर मंडळींना हा फरक रोज सोसावा लागतो.

कुठे थांबायचं

एप्रिलच्या मध्याला दुसरं फूडर 11 ग्रॅमवर होतं. तेव्हा ती स्टीलची टाकी कामी आली. तिच्यात तोच रस, आम्ल न काढलेला, पण साखर 1.6पर्यंत संपलेली. फूडर आणि टाकी वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून आम्ही 1.6, 5, 8 आणि 11 असे चार ग्लास मांडले, झाकून. पाच जणांनी चाखलं.

1.6चा ग्लास सुरीसारखा. वास लिंबाच्या सालीचा, सुरेख, पण घोट घेतला की गालाच्या आत ओरखडा. 5ला कडा थोड्या बोथट झाल्या आणि विचित्र म्हणजे कडवटपणा वर आला. 11ला गोडी ओठांवर राहिली. 8च्या ग्लासाला पाचही जण ड्राय म्हणाले. त्यात आम्ल होतं तेवढंच होतं, पण त्याला आता पोट होतं.

10 मेला फूडर 8.1वर आलं. त्याच दिवशी पट्टी काढली, गंधक घातलं, वाइन जाड गाळावरून काढून बारीक गाळासकट परत पिंपात ठेवली. आम्ल आता 9.9. टार्टारिकचे स्फटिक पिंपाच्या आतल्या भिंतीवर साखरेच्या कांडीसारखे चमकत होते. दोन ग्रॅम स्फटिकांनी उतरवलं, थोडं मॅलिक यीस्टनं खाल्लं, पूड एक चिमूटसुद्धा लागली नाही. ऑगस्टअखेर बाटलीबंद केली, निर्जंतुक गाळणीतून, कारण आठ ग्रॅम साखरेवर एक जिवंत पेशीसुद्धा बाटलीत पुन्हा आंबवण सुरू करू शकते. साडेबाराशे बाटल्या. पहिलं फूडर एप्रिलमध्येच गावाच्या नावानं निघणाऱ्या वाइनमध्ये मिसळलं होतं. त्यातल्या चोवीस बाटल्या तेवढ्या मी तुलनेसाठी वेगळ्या भरून घेतल्या.

पुढे काय झालं

फेब्रुवारी 2022मध्ये दोन्ही फूडर शेजारी ठेवून चाखली असती तर कुणीही पहिलंच निवडलं असतं. आम्हीही तेच केलं. पहिलं मऊ, सरळ, मासळीबरोबर लगेच पिण्याजोगं. दुसरं अर्धवट आंबलेलं, गढूळ, रागीट. डिसेंबर 2022मध्ये, बाटलीत चार महिने झाल्यावर, मतं फुटली. एका हॉटेलवाल्यानं दुसऱ्याची पेटी परत पाठवली, त्याच्या गिऱ्हाइकांना ती फार आंबट लागली. मालकीणबाईंनी ती मुकाट्यानं परत घेतली आणि मला काही बोलल्या नाहीत, पण मला ते लागलं.

ऑक्टोबर 2023ला पुन्हा उघडल्या. पहिल्यात फळ उतरलं होतं. सुरुवात छान, मध्ये पोकळी, घोट गिळला की चव संपली. दुसऱ्याचं आम्ल मोजलं तर तेच 9.9, पण आता ते टोचत नव्हतं. बारीक गाळावरच्या महिन्यांनी त्याला गोलाई दिली होती आणि पांढऱ्या पीचचा वास गिळल्यानंतरही बराच वेळ घशाशी राहत होता. मला विचाराल तर पहिलं फूडर चूक नव्हतं, त्यानं त्या वर्षी वायनरीचा खर्च भागवला. पण सव्वा एकराच्या त्या तुकड्याची वाइन म्हणून मी दुसरीच दाखवीन. पुन्हा तसं वर्ष आलं तर पहिल्यातही अडीचऐवजी एकच ग्रॅम उतरवीन, आणि दुसऱ्याला पट्टी मार्चपर्यंत न थांबता नाताळातच लावीन.

डिसेंबर 2024ला घरी आले तेव्हा दोन्हींची एकेक बाटली बरोबर आणली. आईनं कांदाभजी केली होती. आण्णांनी पहिली चाखली, मान हलवली. दुसऱ्याचा घोट घेतल्यावर त्यांनी डोळे मिटले, मग भजी खाल्ली, मग परत एक घोट.

“यात किती?”

“नऊ पूर्णांक नऊ.”

“अन् काहीच काढलं नाही?”

“काहीच नाही.”

त्यांनी ग्लास उजेडात धरून पाहिला. मग आपल्या शेनिनचं मॅलिक वेगळं मोजून मिळतं का, त्याला किती पैसे पडतात, तोडणीआधी किती वेळा मोजायचं, असं विचारत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा ते बागेत होते. मण्यांत नुकतं पाणी उतरायला लागलं होतं. हातात प्लास्टिकची पिशवी, आणि दर ओळीतून चार-चार मणी ते मोजून तोडत होते.